वाफसा

पुणे

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावाने सलाम.

गेल्या रविवारी बाबांनी फोनवर "गाडी किती वाजताची आहे?" असं तिसऱ्यांदा विचारलं आणि मी ओरडले. "सांगितलं ना एकदा!" पलीकडे सगळं गप्प झालं. मग आईने फोन घेतला आणि फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारलं. बाबा, माझं चुकलं. मला क्षमा करा. फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, म्हणून मुद्दाम पत्र लिहितेय.

त्याच दिवशी सकाळी उपासनेत गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचला होता. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता... लहानपणी हे मी तुमच्यापुढे घडाघडा म्हणायचे. पण पौल त्याला 'फळ' म्हणतो, ते कधी मनावर घेतलं नाही. सहनशीलता म्हणजे ओठ आवळून गप्प बसणं, असंच मी धरून चालले होते. असं दाबलेलं एक दिवस उसळतं, आणि तेही आपल्याच माणसावर.

रात्री झोप येईना, म्हणून याकोबाचं पत्र काढलं. पाचव्या अध्यायात तो शेतकऱ्याचा दाखला देतो: पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत तो धीर धरतो. त्या देशात पहिल्या पावसावर पेरणी व्हायची आणि शेवटच्या पावसावर दाणा भरायचा. वाचताना मला तुम्हीच दिसलात, बाबा. हस्ताचा पाऊस पडून गेला की शेजारी घाई करायचे, पण तुम्ही बांधावर बसून माती मुठीत दाबून बघायचात. "अजून वाफसा नाही, माती पेरणीजोगी सुकली नाही," म्हणायचात. पण त्या दिवसांत तुम्ही रिकामे कुठे बसायचात? बियाणं निवडायचं, पेरणीची तिफण दुरुस्त करायची, बैलांचं बघायचं, आणि पहाटे गुडघे टेकून प्रार्थना. वाट बघणं हेही कामच असतं, हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. चिखलात तिफण घातली तर शाळू धड उगवत नाही. मी त्या रविवारी चिखलातच तिफण घातली.

घरी येताना केडगाव स्टेशन लागतं. तिथे पंडिता रमाबाईंनी जवळजवळ अठरा वर्षं बायबलच्या भाषांतरावर घालवली. साध्या बायांना कळेल असं मराठी हवं, म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छापखान्यात खिळे जुळवायला त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमातल्याच बाया. १९२१ मध्ये मनोरमा, त्यांची एकुलती एक लेक, गेली. तरी त्यांनी काम खाली ठेवलं नाही आणि ते पुरं करूनच १९२२ च्या एप्रिलमध्ये डोळे मिटले. गाडी तिथे थांबली की मला वाटतं, एवढा धीर एका दिवसात कुणाला येत नसणार. रोज एक ओळ, तीही खोडून पुन्हा.

आई, आता तुझ्याशी. गुडघा दुखतो हे तू मला सांगत नाहीस, शेजारच्या मावशींकडून कळतं. याकोब त्याच अध्यायात ईयोबाच्या धीराची आठवण देतो, पण ईयोब गप्प कुठे बसला होता? किती बोलला तो, रडला, जन्मदिवसाला शाप दिला. फक्त देवाकडे पाठ फिरवली नाही. तू सोसतेस म्हणून तू मोठी आहेसच, पण मला सांगून सोस. मग मलाही तुझ्याजवळ बसायला शिकता येईल.

स्तोत्रात देवाला 'मंदक्रोध' म्हटलंय. हल्ली सकाळी प्रार्थनेत तेवढाच एक शब्द मागते. परवा ऑफिसात एकीने तेच ते चारदा विचारलं, चारही वेळा नीट सांगितलं. पाचव्यांदा आवाज चढलाच. तिची लगेच माफी मागितली.

शनिवारी येतेय. बाबांच्या कानयंत्राचे सेल आणते. आईला सोमवारी डॉक्टरांकडे नेईन, नाही म्हणू नकोस. गाडी दुपारची आहे, संध्याकाळी पोचेन. बाबा, मधे विसरलात तर फोन करा, कितीही वेळा विचारा.

तुमची,
ताई