लग्न न केलेल्या आईबापांचं मूल दुसऱ्या राज्यात गेलं तर केस कुठे चालवायची, ते एकदा ठरवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रोड, ऐरोली, घणसोली, खारघर, कुठल्याही नव्या सोसायटीत लग्न न करता एकत्र राहणारं एखादं तरी जोडपं आता असतंच, आणि त्यातल्या काहींना मुलंही आहेत. ते बरोबर की चूक यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडावं, मला त्यात पडायचं नाहीये. मला बोलायचंय त्या मुलांबद्दल, कारण आईबापांचं बिनसलं आणि दोघांपैकी एकाने दुसऱ्या राज्यात नोकरी धरली की त्या पोराचं पुढे काय हे ना आईला धड माहीत असतं ना बापाला ना पोलीस स्टेशनला, आणि कायद्यातही नेमकं जिथे सरळ उत्तर हवं तिथेच सगळं मोघम आहे.

मी ठाण्यात एका वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं टायपिंग, फायलिंग, कोर्टात जाऊन तारीख बघून येणं ही कामं करतेय. मी वकील नाही, पण वकीलसाहेब येईपर्यंत माणसं माझ्याच टेबलासमोर बसतात आणि जे मनात आहे ते सगळं बोलून टाकतात, त्यामुळे हे प्रश्न मला फायलीतून नाही तर तोंडून ऐकून माहीत आहेत.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगते. आईबाप हिंदू असतील तर १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा लागतो, त्याचं कलम ६. लग्नातल्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप आणि मग आई, फक्त पाच वर्षांखालचं मूल साधारण आईकडे ठेवायचं. लग्नाबाहेर झालेल्या मुलाचं बरोब्बर उलटं, आधी आई आणि तिच्यानंतर बाप. हे सांगितलं की बायका दचकतात, कारण सगळ्यांची समजूत अशी की लग्न नाही म्हणजे बाईच्या हातात काहीच नाही. कोर्टात अर्ज करायला १८९० चा पालक आणि पाल्य कायदा सगळ्याच धर्मांना आहे, आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या एका ख्रिश्चन अविवाहित आईच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलं की बापाला नोटीस न देता आणि त्याचं नाव उघड न करता ती एकटी पालकत्वासाठी अर्ज करू शकते. अर्थात आईचं नाव पहिलं आहे म्हणजे विषय संपला असं नाही, त्याच १९५६ च्या कायद्याचं कलम १३ म्हणतं की मुलाचं हित सगळ्यात वर, आणि कोर्ट शेवटी तेच बघतं.

आता हे कागदावरचं प्रत्यक्षात कसं होतं ते बघा. घणसोलीत राहणारं एक जोडपं, दोघंही आयटीत, मुलगी ज्युनिअर केजीत. पटेनासं झालं, तिला बंगळुरूची चांगली ऑफर आली आणि ती मुलीला घेऊन गेली, कायद्याने तिला तसं जाता येतं आणि मला त्यात तिचं काही चुकलं असंही वाटत नाही, नोकरी सोडून ती काय खाणार होती. पण हा बाप पळून गेलेल्यातला नव्हता हो, मुलीचे डबे हाच करायचा, पाळणाघरातून आणायला हाच जायचा. त्याला एवढंच हवं होतं की रोज संध्याकाळी फोन व्हावा आणि सुट्टीत मुलगी दोन आठवडे इकडे यावी. सोसायटीतल्यांनी त्याला सांगून टाकलं की लग्नच नाही तर तुझा काय संबंध, आणि बिचारा तेच खरं धरून गप्प बसला, मधे कितीतरी महिने वाया गेले.

संबंध नाही कसा? खर्चाच्या बाबतीत तर पुरता संबंध आहे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं कलम १२५ होतं आणि १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे, मूल औरस असो की अनौरस, पोटगी बापाला द्यावीच लागते, आणि द्यायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण पैसे द्यायला बाप आणि भेटायला मात्र कोर्टाची पायरी चढून आधी मी बाप आहे हे दाखवायचं, हे मला खटकतं. लग्नात झालेल्या मुलाचा बाप कोण हे कायदा आपसूक धरून चालतो, इथे तसं धरत नाहीत, त्यामुळे समोरच्याने नाकारलं तर जन्मदाखला, हॉस्पिटलचे कागद, आणि वेळ आली तर डीएनए टेस्ट. आणि भेटीचं म्हणाल तर २०२० च्या यशिता साहू केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ज्या पालकाकडे ताबा नाही त्यालाही मुलाशी भेटण्याबोलण्याचा हक्क हवा, लांब राहत असतील तर व्हिडिओ कॉलवर तरी. ते आईबाप नवराबायको होते, पण मुलाला आईबाप दोघं लागतात हे लग्नाच्या सर्टिफिकेटवर थोडंच ठरतं.

दुसरी बाजू याहून वाईट. कळव्याची एक मुलगी, इंदूरला जोडीदाराबरोबर राहत होती, मारहाण सुरू झाली तशी तीन वर्षांच्या पोराला घेऊन आईकडे आली. महिन्याभरात तो माणूस भावाला घेऊन आला आणि पोराला फिरवून आणतो म्हणून जो घेऊन गेला तो थेट इंदूरला. पोलीस म्हणाले बापच घेऊन गेलाय ना मग किडनॅपिंग कसलं. यात तथ्य आहे, अपहरणाच्या कलमात पहिल्यापासून एक अपवाद आहे की जो माणूस प्रामाणिकपणे स्वतःला अनौरस मुलाचा बाप समजतो त्याला ते लागू नाही, हेतू अनैतिक किंवा बेकायदेशीर असेल तर गोष्ट वेगळी. पण म्हणून आईने हात बांधून बसायचं असं मुळीच नाही, आणि हे तिला तिथे कुणी सांगितलं नाही याचा मला फार राग येतो. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू आहे, ती जिथे तात्पुरती राहतेय तिथल्याही मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, आणि कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो. हायकोर्टात हेबिअस कॉर्पस, म्हणजे नेलेल्या मुलाला कोर्टापुढे हजर करा असा अर्जही करता येतो, २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये, तेजस्विनी गौड नाव होतं, सुप्रीम कोर्टाने मुलाच्या ताब्यासाठी तो मार्ग मान्य केलाय.

आता मुख्य मुद्दा. ताब्याचा अर्ज कुठल्या कोर्टात करायचा? १८९० च्या कायद्याचं कलम ९ म्हणतं, मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या. बस, एवढंच. नेहमी म्हणजे किती दिवस? वर सांगितलेली घणसोलीची मुलगी चार महिने बंगळुरूला होती, मग ती घणसोलीची की बंगळुरूची? कळव्याचं पोरगं महिनाभर आजीकडे होतं, ते कळव्याचं की इंदूरचं? रुची माजू केसमध्ये २०११ ला सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की हे त्या त्या केसच्या पुराव्यावर ठरेल. मोठ्या कोर्टाच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण खालच्या कोर्टात याचा अर्थ असा होतो की मुलाचं काय करायचं हे बाजूला राहतं आणि आधी हे कोर्ट की ते कोर्ट यावरच तारखा पडत जातात. त्यात दोघांनी दोन राज्यांत अर्ज केले असतील तर एक केस दुसऱ्या राज्यात हलवायला दिल्लीला सुप्रीम कोर्टातच जावं लागतं, आपलं हायकोर्ट ते करू शकत नाही. ज्याच्याकडे पैसा तो थांबू शकतो, दुसरा दमून सोडून देतो. आणि तोवर मूल नव्या शाळेत, नव्या भाषेत रुळलेलं असतं, मग तेच कारण पुढे येतं की आता त्याला हलवू नका.

अमेरिकेत राज्याराज्यांत हाच घोळ व्हायचा, मग त्यांनी १९९७ मध्ये एक सारखा कायद्याचा मसुदा केला आणि मॅसॅच्युसेट्स सोडून सगळ्या राज्यांनी तो घेतला. मूल सलग सहा महिने ज्या राज्यात राहिलं ते त्याचं घरचं राज्य, केस तिथे. मुलाला तिथून हलवलं तरी एक पालक तिथेच राहत असेल तर पुढचे सहा महिने तेच राज्य धरतात. आईबापांचं लग्न झालंय की नाही हा प्रश्नच येत नाही. बापाचं नातंही बहुतेकदा हॉस्पिटलमध्येच दोघांच्या सहीच्या फॉर्मवर नोंदवून घेतात. त्यांचं सगळंच चांगलं असं मी म्हणत नाही, पण एवढा एक नियम तरी घेण्यासारखा आहे.

उलट आपल्याकडे गुंता वाढतोय. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा आला, तिथे लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची आणि अशा मुलाला औरस मानतात. तिथलं असं एखादं जोडपं उद्या देहरादूनहून ठाण्यात आलं आणि वेगळं झालं तर इथे त्या मुलाला १९५६ च्या कायद्याच्या कलम ६ चा पहिला भाग लावायचा की दुसरा? एका भागात बाप आधी आहे आणि दुसऱ्यात आई. राज्याची हद्द ओलांडली म्हणून मुलाचा पहिला पालक बदलायला लागला तर कठीण आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की केंद्राने १८९० च्या कायद्याच्या कलम ९ मध्ये सहा महिन्यांसारखी ठराविक मुदत घालावी आणि मारहाणीतून पळून आलेल्या आईसाठी त्याला अपवाद ठेवावा, तो नसेल तर हाच नियम तिच्यावर उलटेल. लॉ कमिशनने २०१५ च्या २५७ व्या अहवालात पालकत्वाचे आणि ताब्याचे कायदे बदलायला सांगितलंय, तो अहवाल परत बाहेर काढावा. आणि जन्मनोंदणीच्या वेळीच लग्न न झालेल्या दोघांनी सही करून नातं मान्य करायची सोय असावी, त्याने आईचा पहिला हक्क जात नाही, फक्त बापाला पुढे डीएनएच्या मागे पळावं लागत नाही आणि पोटगी टाळायलाही त्याला जागा उरत नाही.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल, पण आत्ता जे बॅगा भरतायत त्यांच्यासाठी काही गोष्टी. फॅमिली कोर्ट फक्त नवराबायकोचं असतं हे डोक्यातून काढा, १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्यात मुलाचा ताबा आणि भेट यासाठी आईबापांचं लग्न झालेलं असलं पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. जायच्या आधी फोन कधी, सुट्ट्या कुणाकडे, प्रवासाचा खर्च कुणाचा, शाळेच्या फॉर्मवर सही कुणाची हे लिहून काढा आणि जमलं तर संमतीने कोर्टाचा आदेश करून घ्या, भांडण व्हायच्या आधी ते सोपं असतं, नंतर फार अवघड जातं. शाळेच्या दाखल्यासाठी अडून राहू नका, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसलेल्या आयांनो, बायकांना आणि मुलांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ आहे. ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा, आणि लग्न झालंय का असं कुणी विचारलं तर सरळ नाही म्हणून सांगा, त्याने मदत बंद होत नाही.

आपली,
एक वाचक, कळवा, ठाणे