सोळाचा फुटेल रे

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तपकीर गल्लीत गेलो होतो. बाबांचा रेडिओ घूंऽऽ करतोय, म्हणजे पॉवर सप्लायचा कपॅसिटर (वीज साठवून प्रवाह सपाट करणारा पार्ट) गेला असणार. म्हटलं, आपल्या इलेक्ट्रॉनिक्स पार्टवाल्या काकांकडून आणू. त्यांचं दुकान बंद झालंय रे. तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतायत.

भिंतभर छोटे खण होते बघ, प्रत्येकाच्या तोंडावर आतला एकेक पार्ट सेलोटेपने चिकटवलेला. अकरावीत आपण अँप्लिफायर करायला घेतला, तेव्हा तू १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा कपॅसिटर मागितलास. काकांनी दिलाच नाही. "ट्रान्सफॉर्मर कितीचा?" "बाराचा." मग बिलाच्या पाठीमागे मांडून दाखवलं: १२ गुणिले १.४१४, म्हणजे जवळपास १७. "सोळाचा फुटेल रे. पंचवीसचा ने." एसी डायोडमधून गेला की कपॅसिटर पीकपर्यंत, म्हणजे लाटेच्या टोकापर्यंत चढतो, हे मला त्या बिलावर कळलं. वर्गात पुढच्या वर्षी शिकवलं.

दुकानं का बसली ते उघड आहे. रेडिओ-टीव्हीचे मेकॅनिक हे त्यांचं रोजचं गिऱ्हाईक. आता सेट बिघडला की आख्खा बोर्डच बदलतात. त्यावरचे एसएमडी, म्हणजे बोर्डच्या पृष्ठभागावरच डाग दिलेले पार्ट तांदळाच्या दाण्याहून बारीक, साध्या सोल्डरिंग आयर्नने कोण काढत बसणार? कॉलेजची पोरं प्रोजेक्टला तयार मॉड्यूल मागवतात. चार रेझिस्टर आणि एक ५५५ टायमरची चिप विकून पेठेतल्या गाळ्याचं भाडं निघत नाही. आणि आपण दोघं तरी दहा वर्षांत कुठे फिरकलो तिकडे? हे मला फार टोचतंय.

शेवटी ऑनलाइन मागवला. हवा होता एक, घ्यावे लागले दहा. चार दिवसांनी आले, लावला, तर घूंऽऽ तसंच. मीटरवर धरला: अंगावर छापलंय १०००, भरला जेमतेम ४००. बाकीचे नऊही तसलेच. काका काउंटरवरच मीटर लावून मग हातात द्यायचे. आता कुणाला दाखवू?

तुझ्या माळ्यावर आपला अँप्लिफायर असेल तर टाकू नकोस. त्यातला पंचवीसचा मीटरवर बघ. अजून हजाराच्या आसपास भरत असेल तर येताना घेऊन ये. समोरच्या दुकानदाराने काकांच्या घरचा पत्ता दिलाय. शनिवारी संध्याकाळी पासोड्या विठोबापाशी भेटू, तिथूनच त्यांच्याकडे जाऊ. रेडिओही आणतो.

तुझा,
जुना पार्टनर