14 फेब्रुवारी मिळाली, पुढच्या हंगामाची तारीखही द्या: केंद्रीय क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. मनसुख मांडविया,
केंद्रीय युवा व्यवहार व क्रीडा मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

6 जानेवारीला आपण जाहीर केलेत की इंडियन सुपर लीग ही देशाची सर्वोच्च फुटबॉल लीग 14 फेब्रुवारीपासून सुरू होईल आणि चौदाही क्लब खेळतील. बातमी मोबाइलवर आली तेव्हा आम्ही चौघे कोल्हापुरात चहाच्या गाडीवर उभे होतो. चौघांपैकी कुणीही टाळी वाजवली नाही, पण सगळ्यांनी एकदमच सुस्कारा सोडला. घरातलं आजारी माणूस रात्र काढून सकाळी डोळे उघडतं, तेव्हा सोडतात तसा. त्याबद्दल आपले मनापासून आभार. सगळ्यांना एका टेबलाशी बसवून तारीख काढून घेणं सोपं नव्हतं.

तरीही हे पत्र लिहितो आहे, कारण त्या दिवशी मिळाली ती एकच तारीख.

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस, किंवा शिवाजी आणि दिलबहार हे इथले संघ समोरासमोर आले की शहराचा तो भाग दुपारपासूनच रिकामा होतो. इथल्या खेळाडूंना लाखांचे करार नसतात. कुणी दुकान सांभाळतं, कुणी एमआयडीसीत पाळीला जातं. पण लीग अमुक तारखेला सुरू होणार एवढं कळलं की बाकीचं आपोआप होतं. पहाटेचा सराव लागतो, पाळी बदलून घेतली जाते, वर्गणी निघते, जर्सी शिवायला पडतात. तारीख नसेल तर यातलं काहीच हलत नाही. पेठेच्या लीगला जे लागू आहे ते देशाच्या सर्वोच्च लीगलाही लागू आहे, आणि 2025 साली तिथे नेमकी तारीखच हरवली.

आधीचा हंगाम 13 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला होता. पुढचा त्याच सुमाराला सुरू होणार असं सगळेच धरून चालले होते. 11 जुलै 2025 ला लीग चालवणाऱ्या कंपनीने क्लबांना कळवलं की हंगाम तूर्त थांबवला आहे. कारण होतं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाशी झालेला 2010 चा करार: 15 वर्षांचा, 700 कोटींचा, डिसेंबर 2025 मध्ये संपणारा. करार कधी संपणार हे सही झाली त्या दिवसापासून, म्हणजे तब्बल 15 वर्षं, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्याच्या पुढची सोय कुणी केली नव्हती. महासंघाच्या घटनेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, तो सप्टेंबरमध्ये सुटला. ऑक्टोबरमध्ये लीगचे व्यावसायिक हक्क देण्यासाठी महासंघाची निविदा निघाली. वर्षाला किमान 37.5 कोटी किंवा उत्पन्नाचा 5 टक्के वाटा, यातलं जे जास्त असेल ते द्यायचं, अशी अट होती. 7 नोव्हेंबरला मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती.

दरम्यान ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवले, चेन्नईयिनने कामकाजच बंद ठेवलं. 26 डिसेंबरला सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी क्लबाच्या मालकीतून अंग काढून घेतलं. आणि 2 जानेवारीला सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंनी चित्रफीत काढून फिफाला, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेला, साद घातली की भारतीय फुटबॉल वाचवा. ती मी दोनदा पाहिली. छेत्री त्यात असावा याचं फार वाईट वाटलं. ज्याने या देशासाठी नव्वदहून अधिक गोल केले, त्याला खेळायला मैदान द्या म्हणून सांगावं लागलं.

गोव्यातले ऑक्टोबरचे आठ दिवस आठवा. 14 ऑक्टोबरला फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरने भारताला 2-1 ने हरवलं आणि 2027 च्या आशियाई चषकाचं दार बंद झालं. त्याच मैदानावर 22 तारखेला एफसी गोवा सौदी अरेबियाच्या अल नस्रशी खेळला. तोही सामना 2-1 ने गेला, पण ब्रायसन फर्नांडिसने गोल केला तेव्हा आम्ही इकडे कोल्हापुरात खुर्च्यांवरून उठलो. सासष्टीचा मुलगा आशियातल्या धनाढ्य क्लबाविरुद्ध गोल करतो, आणि त्या रात्री घरी जाताना आपली लीग कधी सुरू होणार, होणार की नाही, हे त्याला सांगायला कुणीही नाही. पुढे डिसेंबरमध्ये याच गोव्याने सुपर कपही जिंकला. या मुलांच्या अंगात खेळ कमी आहे असं मला कुणी सांगू नये.

महोदय, महाराष्ट्रातला फुटबॉलप्रेमी या बाबतीत जास्त घाबरतो, त्याला कारण आहे. आम्ही क्लब बंद होताना पाहिलेत. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये संघ बंद झाला. पुणे एफसी 2012-13 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, दुसरा आला, दोन-तीन वर्षांत तोही गेला. आय-लीगमध्ये भारत एफसी एकच हंगाम टिकला, डीएसके शिवाजीयन्स दोन. बालेवाडीत खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीची जागा 2019 मध्ये हैदराबादने घेतली, हैदराबाद 2021-22 मध्ये विजेता झाला आणि आता तोही दिल्लीला हलला आहे. पुण्यात आज मोठ्या लीगचा एकही संघ नाही. बालेवाडीला नारिंगी जर्सी घालून गेलेली मुलं आता पंचविशीत आहेत आणि इंग्लंडच्या क्लबांचे सामने पाहतात. मी त्यांना दोष देत नाही.

क्लब जातो तेव्हा मुख्य संघातले पंचवीस खेळाडू बातमीत येतात. किट सांभाळणारा, मैदानाला पाणी मारणारा, मालिश करणारा, पंधरा वर्षांखालच्या मुलांचा प्रशिक्षक यांचं नाव कुठेच छापून येत नाही. आमच्या पेठेतल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाला गेल्या उन्हाळ्यात एका क्लबाने निवड चाचणीला बोलावलं होतं. जुलैमध्ये त्यांनी कळवलं, सध्या काही सांगता येत नाही. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली. आता तो वडिलांच्या गॅरेजमध्ये बसतो. फुटबॉलपटूची कमाईची वर्षं दहा-बारा असतात. त्यातलं एक असं गेलं की ते परत देता येत नाही.

अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात तो देशाकडून खेळला, तेव्हापासून इथल्या मैदानांवर मुलांची संख्या वाढली. त्या मुलांच्या आईबापांना आज मी काय सांगू, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता या हंगामाविषयी. चौदा संघ, प्रत्येकाशी एकेकदाच सामना, एकूण 91 सामने. म्हणजे एका संघाला 13. आधीच्या हंगामात साखळीतच प्रत्येकाला 24 सामने मिळाले होते. आशियाई स्पर्धेत जागा हवी तर क्लबाने वर्षात 24 सामने खेळलेले असावेत असा आशियाई फुटबॉल महासंघाचा दंडक आहे. यंदा वेळच उरला नाही, म्हणून 13 समजून घेऊ. परंतु पुढल्या वर्षी पुन्हा 13 झाले तर तो पायंडा पडेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. या हंगामाचा शेवटचा सामना होण्याआधी पुढच्या हंगामाची सुरुवातीची तारीख जाहीर व्हावी आणि त्यात घर आणि बाहेर असे दोन्ही सामने असावेत. व्यावसायिक भागीदार मिळेल तेव्हा मिळेल, तारीख त्याच्यासाठी थांबू नये. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला, तो आपणच मांडलात. त्यातून उभ्या राहणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा मंडळाकडे महासंघांना मान्यता देण्याचा अधिकार आहे. देशांतर्गत स्पर्धांचं वेळापत्रक ठरलेल्या मुदतीत जाहीर करणं ही त्या मान्यतेची एक अट करता येईल. आणि लीगमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक क्लबाने खेळाडूंच्याच नव्हे तर कर्मचाऱ्यांच्या आणि युवा संघांच्या वर्षभराच्या पगाराची हमी आधी जमा करावी. जो देऊ शकत नाही त्याने ते जूनमध्ये सांगावं, डिसेंबरमध्ये नको.

एक विनंती आणखी. पुढची बैठक बोलवाल तेव्हा क्लबमालक आणि महासंघाबरोबर दोन-तीन खेळाडू आणि एखादा युवा प्रशिक्षकही टेबलाशी असू द्या.

14 फेब्रुवारीला आम्ही तालमीत मोठा पडदा लावणार आहोत. गॅरेजमधल्या त्या मुलालाही बोलावलं आहे. येतो म्हणालाय.

आपला,
शाहू स्टेडियमच्या गॅलरीतला एक प्रेक्षक
कोल्हापूर, जानेवारी 2026