एकाच चुलीवरची दोन ताटं

ती. आई आणि बाबा,

सा. न. वि. वि.

दादाने तुम्हा दोघांचे रक्ताचे रिपोर्ट पाठवले, ते नीट वाचले. फोनवर बोलायला गेलं की निम्म्यात रेंज जाते आणि अर्धं राहून जातं, म्हणून सावकाश लिहिते आहे. आई, तू चष्मा लावून वाच आणि बाबांना ऐकव.

आधी आकडे. बाबांचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या काही महिन्यांची सरासरी साखर, मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना ६.९ आहे आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १५२. आई, तुझं एचबीएवनसी ६.० म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. एलडीएल ९८, ते चांगलं. पण ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २४० आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ३६. ट्रायग्लिसराइड दीडशेच्या आत हवं आणि बायकांचं एचडीएल पन्नासच्या वर. तू दादाला विचारलंस ना, "मी तेलाचा थेंब खात नाही, तर रक्तात चरबी आली कुठून?" त्या प्रश्नाने मला दोन रात्री झोप लागली नाही. त्याचंच उत्तर द्यायला बसले आहे.

गेल्या वर्षापासून तुम्ही दोघं एकाच घरात अगदी उलट जेवता आहात. आई, तुला कुणीतरी कोलेस्टेरॉलची भीती घातली आणि तू भाजी नुसती वाफवायला लागलीस. खोबरं चिमूटभर, अंड्यातला बलक काढून मांजरीला. बाबांनी मोबाईलवर आलेला व्हिडिओ बघितला आणि रोज सकाळी दोन मोठे चमचे खोबरेल तेल प्यायला लागले, शिवाय भाकरीवर तूप. बाबांच्या ताटातला भात होता तेवढाच राहिला. तुझा तर वाढला. ताटातून चरबी काढली की पोट भरल्यासारखं वाटत नाही, मग दुपारी आणखी एक डाव भात, चारच्या चहाला टोस्ट, रात्री पुन्हा पेज.

माझं म्हणणं एवढंच आहे की भात आणि खोबरं यांत शत्रू कुणी नाही. पण दोन्ही मनसोक्त असं चालणार नाही. एक वाढवायचं तर दुसरं त्याच ताटातून उतरवायला हवं. आणि कुणी काय उतरवायचं, ते तुम्हा दोघांचं वेगळं आहे.

भाताची साखर होते हे तुम्हाला ठाऊक आहे. ती साखर साठवायला शरीरात जागा फार थोडी असते. यकृतात साधारण शंभर ग्रॅम, स्नायूंत त्याच्या तीन-चार पट. बाबा, आपल्या घरातली भाताची कणगी आठवा. ती भरल्यावर वरून ओतलेलं भात ओटीवर सांडतं, तसंच इथे होतं. फरक इतकाच, की शरीर काही सांडू देत नाही. यकृत त्या जास्तीच्या साखरेची चरबी करतं, थोडी स्वतःत ठेवतं आणि बाकीची रक्तात सोडतं. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड म्हणून दिसते त्यात हीही असते. म्हणजे आई, तू तेल न खाताही तुझ्या यकृताने भाताची, टोस्टाची आणि चहातल्या साखरेची चरबी केली. यकृतात साठलेल्या त्या चरबीला सोनोग्राफीवाले फॅटी लिव्हर म्हणतात. दारूला कधी न शिवलेल्या माणसांनाही ते होतं.

आमच्या लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की वर पिवळसर, स्वच्छ सीरम येतं. ट्रायग्लिसराइड फारच चढलेलं असलं की तेच सीरम दुधासारखं पांढरं येतं. तुझं तिथवर गेलेलं नाही आणि मला ते जाऊ द्यायचं नाही.

तू म्हणशील, मी तर बारीक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, तंतोतंत सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं कपड्यांत बारीक दिसतात, चरबी मात्र पोटात, आतड्यांभोवती असते. म्हणून वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याची टेप घे आणि कंबर मोज. आपल्याकडच्या बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत हवी, पुरुषांची ९०. वहिनीने तुझी मोजली ती ८६ भरली.

आता बाबा, तुमचं. तुमचं म्हणणं मला पाठ आहे: आजोबा आयुष्यभर खोबरं खात आले आणि त्यांना काही झालं नाही. ते खोटं नाही. पॅसिफिक महासागरात टोकेलाऊ नावाची बेटं आहेत, तिथली माणसं निम्म्याहून जास्त उष्मांक नारळातूनच मिळवायची. १९८१ साली त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला. त्यांच्यात हृदयाचे आजार कमी होते. पण त्या व्हिडिओत न सांगितलेल्या दोन गोष्टीही त्याच अभ्यासात आहेत. एक म्हणजे, कमी नारळ खाणाऱ्या दुसऱ्या एका बेटावरच्या लोकांपेक्षा त्यांचं कोलेस्टेरॉल चांगलंच वर होतं. दुसरी म्हणजे, त्यांचं जेवण मुख्यतः नारळ आणि मासे असं होतं, साखर अगदी थोडी. नारळ भरपूर होता तसा भाताचा डोंगर त्यांच्या ताटात नव्हता. ते आख्खं खोबरं खायचे, बाटलीतलं तेल चमच्याने पीत नव्हते. आणि आजोबा जोत धरायचे, माडावर चढायचे, बाजाराला चालत जायचे. ते ताट त्या अंगमेहनतीचं होतं. तुमचे गुडघे गेल्यापासून शेती दादा मशीनने करतो. ताट मात्र आजोबांचंच राहिलं.

खोबरेल तेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास संपृक्त चरबी असते, लोण्यापेक्षाही जास्त. ती एलडीएल वाढवते, हे वारंवार तपासून झालेलं आहे. तुमच्या मधुमेहाशी तर तिचा आणखी एक संबंध येतो. १९६३ साली फिलिप रँडल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं, की रक्तात चरबीचा पुरवठा जास्त असला की स्नायू चरबी जाळत बसतात आणि साखर घ्यायची टाळतात. उलट बाजूने, भात खाल्ल्यावर जे इन्सुलिन वाढतं ते चरबी जाळणं थांबवून ती साठवायला लावतं. म्हणजे तेलाचे चमचे आणि भाताचा ढीग एकाच दिवशी पोटात गेले की दोघं एकमेकांची वाट अडवतात. मालवणी वडे-सागोती, शेव-चिवडा, खारी, बटर यांत दोन्ही एकत्रच असतात, म्हणून ते खाताना हात थांबत नाही आणि पचवताना शरीर थकतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी. चरबीच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी आणि भाताच्या पिष्टाच्या एका ग्रॅमला चार, हा हिशोब कुठलाही व्हिडिओ बदलू शकत नाही.

मग चरबी कमी करावी की कर्बोदकं, म्हणजे पिष्ट आणि साखर? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने सहाशे नऊ लोकांना दोन गटांत विभागलं, एक गट कमी चरबीचा आणि दुसरा कमी कर्बोदकांचा. निकाल २०१८ साली छापून आला: वर्षभराने दोन्ही गटांचं वजन जवळजवळ सारखंच उतरलं. दोन्ही गटांना सुरुवातीलाच सांगितलं होतं, की साखर आणि मैदा सोडा, भाज्या भरपूर खा. मला त्या अभ्यासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वाट कुठलीही धरा, चारच्या चहाचा टोस्ट दोन्ही वाटांवर नाही.

आपल्या देशाचं मात्र एक वेगळं आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशभरातल्या पाहणीत आपण सरासरी ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून घेतो असं निघालं, तेही बहुतेक पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांतून. त्याच पाहणीवरून त्यांनी सुचवलं, की कर्बोदकं पन्नास-पंचावन्न टक्क्यांपर्यंत आणावीत आणि प्रथिनं वीस टक्क्यांच्या जवळ न्यावीत. म्हणजे भात बंद करा असं कुणीच म्हणत नाही. ताटातला थोडा भात उतरवून त्या जागी डाळ, कडधान्य, मासा, अंडं ठेवायचं. प्रथिनं मला एवढी महत्त्वाची वाटतात, कारण साखर खर्च होते ती मुख्यतः स्नायूंत आणि तुमच्या वयाला स्नायूच आधी झिजतात.

यासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. हे सगळं आपल्या गावातच आहे, याचा मला फार आनंद होतो. कुळथाची पिठी तुम्ही पावसातली गरिबाची आमटी म्हणून वाढता, पण कुळथात शंभराला वीसहून जास्त ग्रॅम प्रथिनं असतात. चवळी, वाल, मूग आहेतच. आणि पेडवे! बांगडा महाग झाला म्हणून कुरकुरता, पण पेडव्यांत ओमेगा-३ चरबी भरपूर असते, तीच ट्रायग्लिसराइडला खाली आणायला मदत करते. रव्यात तळू नकोस आई, तिरफळं घालून तिकलं कर. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या मासळीवर भर येतो. तुझं बीपी आहे, म्हणून मीठ निघेपर्यंत दोन पाण्यांत भिजवून घे आणि त्या दोन महिन्यांत अंडी आणि कुळीथ वाढव. पावसात टायकळा, अळू, शेवग्याचा पाला परड्यात फुकट येतो, तो तर ताटाचा निम्मा भाग असायला हवा.

तर आई, तुझं ताट. सकाळची उकड्या तांदळाची पेज चालू ठेव, ती तुझ्याकडून काढून घ्यायची माझी छाती नाही. पण वाटीभरच, सोबत उकडलेले मूग किंवा बलकासकट एक अंडं. दुपारी एक वाटी भात. त्यातच पस्तीस-चाळीस ग्रॅम कर्बोदकं होतात. रात्री पेज-भात नको, नाचणीची एक भाकरी आणि भाजी-पिठी. नाचणी चांगली, कॅल्शियमची खाण, पण तिच्यातही पिष्ट तांदळाच्या जवळपासच असतं, म्हणून तिची पातळ आंबील करून दोन-दोन वाट्या पिऊ नकोस. आणि चरबी परत घे. भाजीला चमचाभर शेंगदाण्याचं तेल, वर मूठभर ओलं खोबरं, दुपारी थोडे काजू किंवा शेंगदाणे. तुझं वजन मुळात बावन्न किलो आहे, ते अजिबात उतरायला नको.

बाबा, तुमचं ताट. खोबरेल तेलाचा चमचा बंद. वाटपातलं खोबरं राहू दे, सोलकढी राहू दे, रस फार दाट नको. तूप हवंच असेल तर एका भाकरीवर लहान चमचा. भात दोनऐवजी एक वाटी, आणि जेवायला बसल्यावर आधी भाजी आणि मासा, भात शेवटी. एवढ्या क्रमानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. मग लगेच आडवं न होता देवळापर्यंत जाऊन यायचं. आंबा खा, पण ज्या जेवणात हापूस असेल त्या जेवणात भात नाही. गणपतीत मोदकांनाही हाच नियम, आणि त्या दिवशी मी स्वतः तुम्हाला वाढीन.

हे सगळं सुरू करण्यापूर्वीची एक गोष्ट, आणि ती टाळू नका. बाबांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे. ती गोळी भात खाल्ला की नाही हे बघत नाही, साखर उतरवतेच. गोळी तेवढीच ठेवून भात एकदम निम्मा केला तर घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. तसं झालं तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासायची. पण तशी वेळ येऊ नये म्हणून आधी डॉक्टरांकडे जाऊन सांगा: भात कमी करणार आहोत, गोळीचं काय करायचं? कुठली गोळी डॅपाग्लिफ्लोझिन नावाची असेल तर तेही दाखवा, त्या गोळीवर असताना कर्बोदकं फार तोडणं धोक्याचं असतं. दादाला सोबत घेऊन जा.

एचबीएवनसी साधारण मागच्या तीन महिन्यांचा हिशोब सांगतं, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी करू, मध्ये घाई नको. ट्रायग्लिसराइड त्याआधीच खाली येताना दिसेल. आई, बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो उद्या वहिनीकडून पाठव, मागची बाजूही दिसू दे. आणि कंबरेची टेप शिंप्याकडे परत देऊ नकोस.

तुमची,
बाय