पिंजऱ्याबाहेर कोण बसणार? क्रीडामंत्र्यांना खुलं पत्र

मा. क्रीडामंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सांगलीजवळ माझी एक छोटी तालीम आहे. निम्मी लाल माती, निम्मी मॅट. पहाटे मातीवर कुस्तीची पोरं असतात, संध्याकाळी मॅटवर एमएमएची, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्तीची पकड सगळं चालणाऱ्या, जाळीच्या पिंजऱ्यात होणाऱ्या लढतींची. खरं सांगायचं तर पोरं बरीचशी तीच. सकाळी पट काढायचा सराव करणारा पोरगा संध्याकाळी चार औंसांचे ग्लोव्हज चढवून येतो. कुस्तीत महाराष्ट्र केसरीच्या खाली फारसा पैसा उरलेला नाही आणि घरचा खुराक परवडत नाही, हे त्याला माझ्याआधी कळलंय.

एमएमएच्या स्पर्धा भरवणारे लीगवाले आता माझ्याकडेही येतात. लॅपटॉप उघडला की पहिलं चित्र यूएफसीचं. 2001 मध्ये 20 लाख डॉलरला विकली गेलेली ही एमएमएच्या लढती भरवणारी अमेरिकी कंपनी 2016 मध्ये सुमारे 400 कोटी डॉलरला गेली, आणि 2025 मध्ये पॅरामाउंट या माध्यम कंपनीने तिच्या अमेरिकेतल्या सात वर्षांच्या प्रक्षेपणासाठी 770 कोटी डॉलर कबूल केले. मग म्हणतात, वस्ताद, धंदा वाढणार आहे, पोरं द्या.

आकडे खरे आहेत. पण या गोष्टीचं मधलं पान ते कधी उघडत नाहीत. ते आपण पाहावं म्हणून हे पत्र.

1993 च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला यूएफसीची पहिली स्पर्धा झाली तेव्हा ‘नियमच नाहीत’ हीच तिची जाहिरात होती. वजनगट नाहीत, ग्लोव्हजची सक्ती नाही. पहिली काही वर्षं गर्दी झाली. मग सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला माणसांची कोंबडझुंज म्हटलं आणि पन्नासही राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रं लिहिली. केबलवाल्यांनी हात काढून घेतला. न्यूयॉर्कने 1997 मध्ये घातलेली बंदी थेट 2016 मध्ये उठली. शतक संपताना कंपनी दिवाळ्याच्या दारात होती. पुढच्या मालकाला ती 20 लाखांत मिळाली, ती काही उगीच नाही.

मग फिरलं काय? न्यू जर्सीच्या सरकारी नियामक मंडळाने 2000-01 मध्ये या खेळाला पहिल्यांदा एकसारखे नियम घालून दिले. वजनगट आले, फेऱ्यांची वेळ ठरली, कुठे मारायचं नाही याची यादी झाली. डॉक्टर आणि पंच मंडळ नेमणार, लीग नव्हे, हेही ठरलं. 2001 मध्ये नेवाडा राज्यानेही मान्यता दिली. (नव्या मालकांपैकी लोरेन्झो फर्टिटा आधी त्याच नेवाडाच्या मंडळावर सदस्य होते. ‘आपली माणसं’ तिकडेही असतात.) टीव्हीवरचा गाजलेला रिअ‍ॅलिटी शो 2005 चा, फॉक्स आणि ईएसपीएन या वाहिन्यांचे करार त्यानंतरचे. सरकारने आधी चौकट घातली म्हणून टीव्हीवाले आणि जाहिरातदार जवळ आले. आपल्याकडचे लीगवाले ही गोष्ट उलटी सांगतात: आधी धंदा वाढू द्या, नियम मागाहून बघू.

आता त्या चित्रातला दुसरा आकडा. यूएफसीच्या उत्पन्नातला वीस टक्क्यांहूनही कमी वाटा लढणाऱ्यांना मिळतो, हे त्यांच्याच लढवय्यांनी लावलेल्या खटल्यात पुढे आलं. अमेरिकी बास्केटबॉलमध्ये खेळाडूंचा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. तो खटला शेवटी 37.5 कोटी डॉलरवर मिटला. न्यायाधीशांनी आधीची तडजोड कमी वाटते म्हणून फेटाळली होती, हे विशेष. म्हणजे नियमांनी हातपाय वाचवले, पाकीट वाचवायचं राहून गेलं. आपण नव्याने सुरुवात करतोय, तर दोन्ही एकदम करता येईल.

आपल्याकडचा अनुभव मुंबईपासूनच सुरू होतो. मार्च 2012 मध्ये राज कुंद्रा आणि संजय दत्त यांनी अंधेरीच्या क्रीडासंकुलात सुपर फाइट लीगचा पहिला प्रयोग लावला. रोषणाई होती, तारे होते, आणि मुख्य जोड होती दोन परदेशी धिप्पाडांची. ती दोन मिनिटांत संपली, एकाचा पाय दुखावला म्हणून. जत्रेत असं झालं असतं तर लोकांनी फड डोक्यावर घेतला असता. लीग पुढे काही वर्षं या ना त्या रूपात चालली, पण तिच्यामागे पोरं घडवणारी आणि सांभाळणारी व्यवस्था उभी राहिली नाही. तरी पोरं घडली. मुंबईचा भरत खंडारे 2017 मध्ये शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. हरला, पण पोचला. 2024 मध्ये पूजा तोमरने तिथे लढत जिंकली, भारतासाठी पहिलीच. 2026 च्या आयची-नागोया एशियाडमध्ये तर एमएमए पहिल्यांदाच पदकाचा खेळ म्हणून आला. तेव्हा ‘हा कसला खेळ’ म्हणून फाइल बाजूला ठेवायची सोय आता आपल्यालाही उरलेली नाही.

आता माझ्या घरचं सांगतो. माझा एक पोरगा गेल्या वर्षी एका शहरात लढायला गेला. ठरलेला गडी आदल्या रात्री आलाच नाही. त्याच्या जागी उभा केलेला सात किलोंनी जड. मी नाही म्हणालो, तर आयोजक म्हणाला, पोस्टर लागलंय. डॉक्टरची खुर्ची होती, तिच्यावर प्रायोजकाचा मेहुणा बसला होता. पोरगा दुसऱ्या फेरीत बेशुद्ध झाला. शुद्धीवर आला, घरी आला, आणि तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या लीगचा फोन आला, येतोस का? त्यांना त्याची नॉकआउट माहीत नव्हती, कारण ती कुठेच नोंदलेली नव्हती. अमेरिकेत नॉकआउट झालेल्याला मंडळ ठराविक दिवसांची वैद्यकीय बंदी घालतं आणि ती इतर राज्यांनाही कळते. आपल्याकडे नाशकात पडलेला पोरगा पुढच्या रविवारी कोल्हापुरात उभा राहू शकतो. मानधनाचे आठ हजार ठरले होते. त्यातले तीन अजून यायचेत.

याउलट आमच्या गावची यात्रा कमिटी पाहा. तिच्याकडे लॅपटॉप नाही. पण जोड लावताना दोन्हीकडचे वस्ताद समोर असतात, जोड बरोबरीची नसेल तर लोकच ओरडतात, आणि कुस्ती निकाली झाली की इनाम मैदानातच हातावर पडतं. रेवड्यांवर लढणाऱ्या पोराच्या रेवड्यासुद्धा कोणी बुडवत नाही.

म्हणून हा खेळ कुस्तीवाल्यांच्या हाती द्या, असं मात्र मी म्हणत नाही. 2023 च्या नोव्हेंबरात एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले, एक धाराशिवला, एक पुण्याजवळ फुलगावला. 2025 मध्ये अहिल्यानगरच्या मैदानात पंचावर लाथ उगारली गेली ती सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. संघटनांच्या भांडणात एमएमए टाकला तर दोन वर्षांत तीन अध्यक्ष आणि चार शिक्के होतील. त्यामुळे नियामक मंडळ सरकारचं हवं, कायद्याने केलेलं. आणि ज्याची लीग आहे किंवा ज्याची तालीम आहे, त्याला त्यावर जागा नको. मलाही नको.

त्या मंडळाने काय करावं, तर पिंजरा लागण्याआधी सगळ्या लढतींचं मानधन आपल्याकडे जमा करून घ्यावं आणि मगच परवाना द्यावा. आज आयोजकाला पोलिसांचा आणि अग्निशमनाचा दाखला लागतो. प्रेक्षकाची काळजी घेतली जाते, लढणाऱ्याची नाही. डॉक्टर मंडळाचा असावा आणि लढत थांबवायचा अधिकार त्याचा असावा. रक्ततपासणी, विमा, आणि प्रत्येक लढवय्याची एकच नोंदवही, राज्यभर चालणारी. वजनाचं तर फार महत्त्वाचं. आमची पोरं वजन तोडायला दोन-दोन दिवस पाणी सोडतात, अंगावर प्लास्टिक चढवून पळतात. 2015 मध्ये मनिलाला ‘वन चॅम्पियनशिप’ या आशियातल्या लीगचा 21 वर्षांचा चिनी लढवय्या वजन उतरवतानाच गेला. त्यानंतर त्या लीगने शरीरातल्या पाण्याची तपासणी सक्तीची केली. आपण कोणी जाण्याची वाट पाहायची का? की 2022 च्या जुलैत बंगळुरूला किकबॉक्सिंगमध्ये 23 वर्षांचा पोरगा गेला आणि मग आयोजकांवर गुन्हा नोंदला गेला, ते पुरेसं आहे?

पैशाचं विचाराल तर मंडळाला सरकारी तिजोरी लागणार नाही. तिकिटांवर आणि प्रक्षेपणावर छोटा हिस्सा ठेवा. कॅलिफोर्नियाने 2023 मध्ये एमएमए लढवय्यांच्या निवृत्तिनिधीसाठी कायदासुद्धा केला. आपल्याला निवृत्तिनिधी लांबचा वाटत असेल तर निदान तुटलेल्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सुरुवात करू.

लीगवाले म्हणतील, इतके नियम केले तर आम्ही दिल्लीला जाऊ, गोव्याला जाऊ. जे जातील त्यांना जाऊ द्यावं. मोठा प्रायोजक आणि टीव्हीवाला तिथेच येतो जिथे उद्या पेपरात त्याचं नाव मृत्यूच्या बातमीशेजारी छापलं जाणार नाही. न्यूयॉर्कचं उदाहरण वर दिलंय. बंदी उठली त्याच वर्षी नोव्हेंबरात यूएफसी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या प्रसिद्ध क्रीडागृहात उभी होती.

माझ्याकडची एक मुलगी पुढच्या महिन्यात लढायला जाणार आहे. वय 19, शेतमजुराची पोर, डाव्या पायाची लाथ अशी की मॅटवरची मुलंसुद्धा अंतर राखून असतात. आयोजकाने पाठवलेला करार अकरा पानांचा आहे, इंग्रजीत. सातव्या पानावर लिहिलंय की जिवाला काही झालं तर आयोजक जबाबदार नाही. शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून आईची सही मागितलीय. मी ते सातवं पान तिच्या आईला मराठीत वाचून दाखवलं. तिने विचारलं, मग जबाबदार कोण? मला उत्तर देता आलं नाही, म्हणून तो प्रश्न आपल्याकडे पाठवतोय. करार अजून माझ्या कपाटात आहे, सही व्हायची आहे.

आपला नम्र,
सांगली जिल्ह्यातला एक वस्ताद