सकाळी सहाचा उंचवटा

पुणे, १२ डिसेंबर

प्रिय मंद्या,

कर्ज कोण बुडवणार याची भाकितं करून कंटाळलोय, तुझ्या क्षेत्रात, म्हणजे हवा आणि आरोग्याच्या आकडेवारीत, यावं का, असं विचारलंस. त्याआधी माझी एक फजिती ऐक.

नोकरीतला पहिला हिवाळा. हाती एका हवामापन केंद्राच्या तासातासाच्या नोंदी, पीएम २.५ च्या. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, थेट फुप्फुसात खोल उतरणारे. थंडीत रोज सकाळी सहाला आकडा उसळायचा. मी मॉडेल बसवलं, आलेख रंगवला आणि अहवालात ठोकून दिलं : सकाळची वाहतूक. पटण्यासारखंच होतं. पहाटे गार हवा जमिनीलगत दबून बसते, धूर वर जात नाही. फक्त रविवारीही उंचवटा तेवढाच होता, आणि तिकडे मी काणाडोळा केला.

आमच्या मॅडमनी एवढंच विचारलं, "तिथे जाऊन आलास का?"

दुसऱ्या दिवशी साडेपाचला स्कूटर काढली. यंत्रापासून वीसेक पावलांवर रखवालदार काका पालापाचोळा आणि टायरचे तुकडे पेटवून शेकत बसलेले. म्हणाले, "या साहेब, गारठा लई हाय." बसलो. चहाही घेतला.

मृत्यूंच्या नोंदी याहून खट्याळ. माणूस राहतो कुठे यापेक्षा तो गेला कुठे, तिथे नोंद होते. माझ्या पहिल्या नकाशात एक प्रभाग लालभडक! मी आसपास कारखाने शोधत बसलो; तिथे होतं एक मोठं रुग्णालय. त्यात कारणाच्या रकान्यात 'हृदयक्रिया बंद पडून'. अरे, ती कुणाची बंद पडत नाही?

मर्यादांचंही तसंच. पीएम २.५ ची वर्षाची सरासरी आपल्याकडे घनमीटर हवेमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते; जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून ५ म्हणते. म्हणजे ३५ आले तर आपल्या कागदावर सगळं ठीक, त्यांच्या हिशोबात सातपट. बैठकीत भांडणं होतात ती कुठली रेघ काढायची यावर.

पगार तुझ्या निम्मा धर. पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिणं तुला येतंच, संख्याशास्त्र मात्र पुन्हा घासून घे. आज हवा बिघडली की दवाखान्यातली गर्दी कधी त्याच दिवशी वाढते, कधी दोन-तीन दिवसांनी; आकडे मागेपुढे सरकवून पाहावे लागतात. आणि रिकामा रकाना दिसला की शून्य भरू नकोस. बहुतेक वेळा वीज गेलेली असते. माझा अर्धा दिवस असल्या निवडटिपणातच जातो, मॉडेलला उरतो तास-दीड तास. वहिनींना आधी पगाराचं सांग, मग बाकीचं.

काकांचं पुढे काय झालं? आवारात शेकोटीला बंदी आली. आलेख सपाट झाला, कागदोपत्री हवा सुधारली. गेल्या आठवड्यात गेलो तर काका कुंपणापलीकडे, वाऱ्याच्या उलट्या अंगाला पेटवून बसले होते. खोकत होते.

जानेवारीत ये. पहाटे नेतो तुला तिकडे. स्वेटर आण.

तुझा,
निल्या