ईसीजीच्या खोलीतल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

रोज किती मुलं तुमच्या हाताखालून जात असतील, आम्ही तुमच्या लक्षात असू की नाही ठाऊक नाही. चौदा वर्षांची मुलगी, सहाव्या वर्षापासून टाइप वन डायबिटीस, आणि तिच्यापेक्षा जास्त घाबरलेली तिची आई. त्या आम्ही.

तुमच्याकडे तपासणीला येण्याआधीचं वर्ष फार वाईट गेलं होतं. ती अंथरुणातून उठली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. नुसती बसलेली असतानाही नाडी शंभराच्या वर. एका ठिकाणी "वयात येताना होतं असं" म्हणून आम्हाला परत पाठवलं, दुसऱ्या ठिकाणी रक्त वाढवायच्या गोळ्या मिळाल्या. शुगर मी दिवसातून सात-आठ वेळा पाहत होते. पण शुगरचा हृदयाच्या ठोक्यांशी संबंध असेल, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही तिला झोपवलंत, तारा लावल्यात आणि स्वतःचा हात तिच्या डोळ्यांसमोर धरलात. हात वर जाताना पाच सेकंद श्वास आत, खाली येताना पाच सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास. मग कागदाची पट्टी तिच्या मांडीवर पसरून तुम्ही शिखरांवर बोट ठेवत गेलात. "श्वास घेतला की ठोके जरा जवळ येतात, सोडला की लांब जातात. हे अंतर बदलतं ठेवणारी एक लांबलचक नस मेंदूपासून निघून पोटापर्यंत जाते. ती हृदयाचा ब्रेक आहे." तिच्या पट्टीवर शिखरं जवळजवळ सारख्याच अंतरावर होती. श्वास घेताना आणि सोडताना ठोक्यांच्या वेगातला फरक मिनिटाला १५ ठोके किंवा जास्त असला तर ठीक, १० किंवा कमी असला तर दोष. तिचा ११ होता. कोवळ्या वयात तर तो याहून बराच मोठा असायला हवा, हेही तुम्ही लपवलं नाहीत.

तेवढ्यात मला वर्षभराचं कोडं उलगडलं. वर्षानुवर्षं चढ्या राहिलेल्या शुगरने नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या झिजतात, आणि लांब नसांना त्याची झळ आधी लागते. ब्रेक सैल झाला की हृदय विश्रांतीतही पळत राहतं. उभं राहिल्यावर अर्धा लिटरहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. त्या क्षणी रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या नाहीत तर मेंदूकडचा पुरवठा घटतो आणि अंधारी येते. तिला उभं करून तुम्ही तीन मिनिटं प्रेशर घेत राहिलात. वरचं प्रेशर २० ने उतरलं तर दोष धरतात, तिचं १२ ने उतरलं. तुम्ही तिच्याकडे बघून म्हणालात, "ही दुसरी बाजू, रक्तवाहिन्या आवळणारी, अजून तग धरून आहे." ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

निदान डॉक्टरांनी केलं, औषधोपचारही त्यांचे. त्यांचे आभार मी समक्ष मानले आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ जणांवरच्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दल त्यांनीच सांगितलं. त्यात १३ वर्षांपासूनची मुलंही होती, आणि शुगर काटेकोर सांभाळणाऱ्यांमध्ये नसांचे विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळले. हे ऐकून मी शुगर दाबून खाली आणायच्या मागे लागले असते. पण तुमचं एक वाक्य मनात राहिलं होतं: "लो पण होऊ देऊ नका." वारंवार शुगर लो झाली की घाम, धडधड, थरथर हे इशारेच बोथट होतात, कारण ते इशारे देणारी यंत्रणाही याच आपोआप चालणाऱ्या नसांची. आता आम्ही चढ आणि उतार, दोन्हींवर लक्ष ठेवतो. ती उठताना आधी काठावर बसते, पाय हलवते, मग उभी राहते.

शाळेत तिला आळशी म्हणायचे. खेळाच्या तासाला ती मागे पडायची आणि घरी येऊन रडायची. मीसुद्धा एकदा रागावले होते, ते आठवलं की अजून गलबलून येतं. तुमच्या पट्टीची झेरॉक्स तिने शुगरच्या वहीत चिकटवली आहे. "हा आळस नाही, ही माझी नस आहे," असं तिने वर्गशिक्षिकांना स्वतः समजावून सांगितलं. मी सोबत जाते म्हटलं तर नको म्हणाली.

वर्षाने पुन्हा तपासणी झाली तेव्हा तुम्ही रजेवर होतात. फरक १४ आला. अजून सीमेवरच आहे, पण तो आकडा तुम्हाला कळवायची तिला फार घाई होती, म्हणून हे पत्र.

पुढची तपासणी येत्या महिन्यात आहे. आदल्या रात्री शुगर लो झाली तर तुम्ही बजावलंत तसं फोन करून तारीख बदलून घेऊ.

तुमची ऋणी,
एक आई